अर्धा पासवर्ड इंदापूरचा

आमच्या घरातून कॉलेजला गेलेला मी पहिलाच. त्यामुळे कॉलेजात एखादी गोष्ट घडली की ती सगळ्यांच्याच बाबतीत घडते का फक्त माझ्याच, हे विचारायला घरात कुणी नव्हतं. शेवटच्या वर्षाला आम्हाला सांगण्यात आलं, की कॉम्प्युटरवर एक प्रोग्रॅम तयार करा, तो एखाद्या खऱ्याखुऱ्या ठिकाणी बसवा आणि ‘चालतो’ असं तिथल्या जबाबदार माणसाकडून सही-शिक्क्यानिशी लिहून आणा. दाखला आणला तर पास, नाही आणला तर पुढच्या वर्षी परत या. मी निमूट मान डोलावली. मला वाटलं, जगभर असंच असणार.

घरी मी आधीच सांगून बसलो होतो, की यंदा सुटतो.

“सुटतो म्हंजी?” वडील म्हणाले. “जेलात हायस व्हय?”

पण बाहेर मात्र त्यांनी ते सगळ्यांना सांगितलं. सलूनमध्ये सांगितलं, पिठाच्या गिरणीत सांगितलं, एसटीची वाट बघणाऱ्या अनोळखी माणसांनाही सांगितलं. त्यामुळे आता तो दाखला न मिळणं म्हणजे मी एकट्यानं नापास होणं राहिलं नव्हतं. सगळी आळीच माझ्याबरोबर नापास होणार होती.

ही नव्वदच्या दशकाच्या मधली वर्षं. आम्हाला कॉम्प्युटर शिकवणारे सर बारामतीतही क्लास चालवत आणि इंदापुरातही. त्यांनी निमगाव केतकीच्या पलीकडच्या एका वाडीतल्या दूध डेअरीचं काम मिळवलं. लोक सकाळ-संध्याकाळ दूध घालणार, कॉम्प्युटर त्याची पावती छापणार आणि दहा दिवसांनी दुधाचा पगार काढून देणार. हे काम सरांनी दोन गावांत वाटलं. दूध घेणं बारामतीकडे, म्हणजे मी आणि माझा खोलीतला जोडीदार. तो माळेगावच्या साखर कारखान्यावर वाढलेला, धीट, कुणालाही काहीही विचारणारा. पगार काढणं इंदापूरकडे. इंदापूर म्हणजे एकच मुलगी होती, पण सर तिला इंदापूरच म्हणत. “इंदापूरला विचारून घ्या.” “इंदापूर चिडलंय.” “इंदापूर आज आलं नाही, त्याच्या आत्याकडे गेलंय.”

सुरुवातीला आम्ही तिघं डेअरीवर माहिती घ्यायला गेलो. डेअरीच्या चेअरमनना सगळे आबा म्हणत. मी प्रश्न पाठ करून गेलो होतो, पण आबांनी मिशीवरून हात फिरवला आणि माझे सगळे प्रश्न पोटात गेले. जोडीदाराने चहा चांगला झालाय असं सांगितलं. विचारलं ते इंदापूरने.

“फॅट कमी लागली तर दूध माघारी देता, का वतून घेता आन् भाव पाडता?”

आबा खुर्चीत सरळ झाले. “हे तुला कुणी सांगितलं?”

“कुणी न्हाय. इचारतीय.”

“माणूस बघून ठरवतो,” आबा म्हणाले.

“मग प्रोग्रॅमला माणूस कसा दाखवायचा, ते सांगा.”

रांगेतले लोक इतके हसले, की एकाची किटली कलंडली. आबा हसले नाहीत. ते तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, काम गेलं.

काम गेलं नाही. पण दोन गावांत बसून एक प्रोग्रॅम लिहिणं म्हणजे काय, ते आम्हाला हळूहळू कळायला लागलं. तिने लिहिलेलं आमच्याकडे आणि आमचं तिच्याकडे पाठवायला एकच साधन होतं, फ्लॉपी. आणि फ्लॉपी पाठवायला एकच साधन, एसटी. पण कंडक्टर फ्लॉपी घेईना. “असली पाकिटं-बिकिटं न्हाय नेत. डबा आसंल तर द्या.” बारामतीत शिकणाऱ्या निम्म्या पोरांचे डबे एसटीने यायचे, त्यामुळे डबा ही त्याला ओळखीची वस्तू होती. मग इंदापूरने जेवणाच्या डब्यात फ्लॉपी ठेवून पाठवायला सुरुवात केली.

पहिल्याच आठवड्यात कंडक्टरला तो डबा हलका लागला. त्याने झाकण उघडून बघितलं. आत एक काळी चौकोनी चकती, भाकरी नाही, कालवण नाही. त्या भल्या माणसाला वाईट वाटलं. कुणाचं तरी पोरगं बारामतीत उपाशी बसणार. त्याने स्वतःच्या जेवणातली अर्धी भाकरी आणि त्यावर ठेचा त्या फ्लॉपीवर ठेवून झाकण लावलं. स्टँडवर डबा माझ्या हातात देताना तो मायेनं म्हणाला, “घरच्यांना सांग, आसं करू नगा.”

भाकरी आम्ही खाल्ली. फ्लॉपी पुसली, उन्हात वाळवली, पण तिच्यातून काही वाचता येईना. आपलं काम कुणीही उघडू शकतो, आणि उघडणारा वाईटच असतो असं नाही, हा सुरक्षेचा पहिला धडा मला असा मिळाला. पुढे इंदापूर डब्याच्या वरच्या खणात फ्लॉपी आणि खालच्यात खरोखरच भाजी पाठवू लागलं. आमची काही तक्रार नव्हती.

दुसरा धडा चेंडूचा. एका फ्लॉपीतून प्रोग्रॅम उतरवला आणि थोड्या वेळाने पडद्यावर एक छोटासा ठिपका आला. तो या कडेवरून त्या कडेवर टणाटण उड्या मारत फिरायला लागला. आम्ही दोघं थक्क झालो.

“इंदापूर लय म्होरं गेलं राव,” जोडीदार म्हणाला. त्याचा चेहरा खरंच पडला होता.

दूध डेअरीला चेंडू कशाला, हा प्रश्न आम्हाला सुचलाच नाही. आपण मागे पडलो एवढंच कळलं. त्याने आपलाही एक चेंडू असावा म्हणून कॉलेज बुडवून खटपट केली. चेंडू झाला, पण तो हलेना. शेवटी तो एका जागी उभा असलेला चेंडू आम्ही तसाच पाठवला आणि सोबत चिठ्ठी लिहिली, ‘तुमचा चेंडू छान आहे. आमचा सध्या थांबलेला आहे.’

तिचं उत्तर आलं, ‘कुठला आमचा? मला वाटलं तो तुमचाच. मी सरांना तुमचं कौतुक सांगितलं.’

सर त्याच एसटीने बारामतीला आले होते. “अरे, व्हायरस आहे तो! व्हायरस!” ते ओरडले. मी उठलो आणि नळावर जाऊन साबणाने हात धुतले. जोडीदार मला हसला, पण नंतर त्यानेही धुतले.

तिसरी भानगड मात्र आमच्या आतलीच होती. प्रोग्रॅम सुरू केला की पहिल्या पडद्यावर डेअरीचं नाव यायचं. जोडीदाराने त्याखाली बारीक अक्षरात टाकलं, ‘बारामतीत तयार’. फ्लॉपी इंदापूरला गेली आणि परत आली तेव्हा तिथे होतं, ‘इंदापुरात तयार’. त्याने ते पुसून ‘मुख्यतः बारामतीत तयार’ केलं. परत आलं ते, ‘इंदापुरात तयार, बारामतीत बिघडवलेला’. याला उत्तर म्हणून त्याने जे लिहिलं ते मी इथे देत नाही. पण ते लिहिताना त्याचा हात चुकला आणि पगाराच्या हिशोबातल्या दोन ओळी पुसल्या गेल्या. आता डेअरीला दूध घालणाऱ्या प्रत्येकाला शून्य पगार निघत होता.

सर हतबल होऊन खुर्चीत बसले. “बाहेरचा व्हायरस परवडला,” ते म्हणाले. “तुमच्यावर औषध काय?”

औषध त्यांनीच काढलं. “देवळातली दानपेटी बघितलीय ना? दोन कुलपं, दोन पंच, दोन किल्ल्या. एकट्याला उघडत नाही. तसंच करायचं.” तयार झालेला प्रोग्रॅम एका फ्लॉपीत बंद करायचा. तो कुठेही बसवायचा झाला किंवा बदलायचा झाला, तर तो दोन पासवर्ड विचारणार, एक बारामतीचा, एक इंदापूरचा. बारामतीचा माझ्याकडे, इंदापूरचा तिच्याकडे. एकाने दुसऱ्याला सांगायचा नाही, सरांनाही सांगायचा नाही. तीनदा चुकला की प्रोग्रॅम स्वतःला पुसून टाकणार. हा पुसण्याचा भाग जोडीदाराने फार प्रेमाने लिहिला.

एकच अडचण होती. टाइप केलेली अक्षरं पडद्यावर जशीच्या तशी दिसत. अक्षरांच्या जागी चांदण्या दाखवायचं आम्हाला जमलं नव्हतं. तेव्हा सरांनी नियम केला, की पासवर्ड टाकणारा सोडून बाकी सगळ्यांनी भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. याचा आम्ही क्लासमध्ये सराव केला. समोरच्या किराणा दुकानदाराने खिडकीतून पाहिलं आणि सरांना म्हणाला, “एवढी मोठी पोरं, आता शिक्षा नका करू.”

पासवर्ड कसा निवडायचा, याबद्दलही सर गंभीर होते. “आपल्या तोंडून कधीच बाहेर पडणार नाही, असं काहीतरी ठेवा.” मी फार विचार केला. माझ्या तोंडून फारसं काहीच बाहेर पडत नसल्यामुळे मला निवडायला भरपूर वाव होता. शाळेत मुलं मला एका नावानं चिडवायची, ते मी ठेवलं. आठवड्याने घरी गेलो, तेव्हा आईने भाकरी थापता थापता विचारलं, “रं, अमकं म्हंजी काय?” आणि तो शब्द जसाच्या तसा म्हणाली. विसरू नये म्हणून मी दिवसभर पुटपुटत होतो. मी पासवर्ड बदलला. पुढच्या वेळी घरी गेलो तर आई नवा म्हणत होती. तिसऱ्यांदा बदलला तेव्हा मी घरी जाणंच बंद केलं.

इंदापूरला मात्र असा काही त्रास झाला नाही. ती सरांना म्हणाली, “ठेवलाय सर. मेले तरी तोंडातून काढणार नाही.”

आम्ही सगळे समजून हसलो. कारण तेव्हा तिचं लग्न ठरलेलं होतं. ठरवलं होतं आबांनीच. त्या दिवशी आम्ही डेअरीची माहिती घ्यायला गेलो, तशी आबांनीही तिची माहिती घेतली आणि महिन्याभरात स्वतःच्या मुलासाठी तिच्या घरी मागणी घेऊन गेले. आमच्या भागात बायका नवऱ्याचं नाव उच्चारत नाहीत. तेव्हा तिचा पासवर्ड कोणता, हे सांगायला ज्योतिषी नको होता. सरांना तर ही कल्पना इतकी आवडली, की त्यांनी दोन्ही गावांच्या क्लासमध्ये ती समजावून सांगितली. “बघा, पोलीस आणा, पैलवान आणा, ती बोलणार नाही. याला म्हणतात सुरक्षा!” आपण अशाने तो पासवर्ड दोन तालुक्यांना सांगतोय, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं होतं, पण सरांना कसं सांगायचं?

लग्न झालं. ती वाडीत नांदायला गेली. आणि प्रोजेक्ट जमा करायच्या आदल्या दिवशी आम्ही फ्लॉपी घेऊन डेअरीवर गेलो. सरांना इंदापूरचा क्लास होता. “तिथं तू प्रमुख,” ते मला म्हणाले. मी प्रमुख आहे हे मी एसटीत मनातल्या मनात म्हणून बघितलं. जोडीदार म्हणाला, “काय पुटपुटतोयस? पासवर्ड फुटंल.”

डेअरीत टेबलावर नवा कॉम्प्युटर हार घालून ठेवला होता. सकाळचं दूध घालून झालेले सगळे थांबले होते. रिकाम्या किटल्या हातात घेऊन माणसं खोलीभर दाटली होती आणि दारातही. आबा खुर्चीत. त्यांनी सुरुवातीलाच स्पष्ट केलं, “आज ह्या समद्यांसमोर पावती निघाली तर मशीन ऱ्हातंय. न्हाय निघाली तर आजच माघारी. मग सही न्हाय आन् शिक्का बी न्हाय.” माझा दाखला त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होता. टाइप करून मीच दिला होता. खालची सहीची जागा रिकामी होती. तो कागद खिशातून अर्धा डोकावत होता आणि मला दुसरं काही दिसत नव्हतं.

सूनबाई आल्या. म्हणजे इंदापूर आलं. डोक्यावर पदर, हातात हिरवा चुडा. आम्हाला बघून ती ओळखीचं हसली. तिचा नवरा दाराजवळ किटल्यांच्या घोळक्यात उभा होता. तो आमच्यापेक्षा थोडाच मोठा, आणि बायको काहीतरी मोठं करणार म्हणून तिच्यापेक्षा जास्त घाबरलेला.

मी फ्लॉपी घातली. माझा पासवर्ड टाकायचा होता. मी सरांचा नियम सांगायला तोंड उघडलं, पण आबांकडे बघून मिटलं. मग मी स्वतःच पडद्यापुढे असा वाकलो, की कपाळ काचेला टेकलं, आणि तसाच तो टाकला. पहिलं कुलूप उघडलं. पडद्यावर आलं, ‘इंदापूर?’

ती पुढे आली, खुर्चीत बसली आणि हळूच म्हणाली, “समद्यांनी भिंतीकडं तोंड करायचं आसतंय.”

“कुणी?” आबा म्हणाले.

“समद्यांनी, मामंजी. तसा नियम हाय.”

“भिंतीकडं तोंड मी शाळंत केलं, त्यानंतर न्हाय. आन् माझ्याच डेअरीत?”

तोवर मागे कुजबूज सुरू झाली होती. सरांच्या क्लासमधली बातमी वाडीत आमच्या आधी पोचली होती. एक म्हातारा म्हणाला, “आरं, नवऱ्याचं नाव टाकायचंय म्हणून लाजतीय पोरगी!”

“मग लाजायचं कशाला? उखाणा घ्या वहिनी!”

“व्हय व्हय, उखाणा! त्याशिवाय दूध न्हाय घालत आमी!”

“आजचं घालून झालंय की रं तुझं.”

“उद्याचं न्हाय घालत!”

तिने माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघितलं. मग तिने पदर सारखा केला आणि खणखणीत आवाजात म्हटलं,

“दुधावर आली साय, पाण्याला न्हाय थारा,
अमुकरावांचं नाव घेते, आता तोंडं तिकडं करा!”

खरं नाव मी इथे गाळलं आहे. खोलीत शिट्ट्या वाजल्या, किटल्यांवर झाकणं वाजली. तोंड मात्र कुणी तिकडं केलं नाही. नवरा कानापर्यंत लाल झाला. आणि तेवढ्यात, ती काही बोलायच्या आत, माझ्या जोडीदाराने तिच्या खांद्यावरून हात लांब करून ते नाव टाकलं आणि बटण दाबलं. “आता कशाला लपवायचं? समद्यांनी आयकलंय,” तो म्हणाला.

पडद्यावर आलं, ‘चूक. दोन संधी बाकी.’

शिट्ट्या थांबल्या. नवऱ्याचा रंग लालवरून पांढऱ्यावर आला.

“राव लाव, राव!” आबा ओरडले. “नुसतं नाव घ्यायला त्यो काय तुझा दोस्त हाय? मान द्यायला नगं?”

आबांनीच सांगितल्यावर जोडीदाराने लगेच राव लावलं. मी “थांब” म्हणालो, पण ते मला स्वतःलाही ऐकू आलं नाही.

‘चूक. एक संधी बाकी.’

आता खोलीत इतकी शांतता झाली, की बाहेर म्हैस रवंथ करत होती ते ऐकू येत होतं. सगळ्यांच्या माना आधी पडद्याकडे होत्या, मग तिच्याकडे वळल्या, मग नवऱ्याकडे, आणि तिथेच थांबल्या. नवऱ्याचं नाव नाही, तर मग नाव कुणाचं? हे कुणी बोललं नाही, पण प्रत्येकाच्या चेहऱ्यावर ते पडद्यावरच्यासारखं स्पष्ट दिसत होतं. नवरा हातातल्या किटलीत बघत होता. तिच्यात काही नव्हतं.

“नवऱ्याचंच आसंल,” म्हातारा समजूत घालत म्हणाला. “मशीनला कळलं नसंल. नवीन हाय.”

“आजून एकदा टाकून बघू का?” जोडीदार म्हणाला.

त्याचा हात परत पुढे गेला. आणखी एक चूक झाली असती, की सगळं पुसलं गेलं असतं, दाखला आबांच्या खिशातच राहिला असता आणि वडिलांना गिरणीत जाऊन सगळ्यांना परत सांगावं लागलं असतं. मी त्याचा हात धरला. आणि मग माझ्या घशातून एक आवाज आला, तो माझाच होता हे मला थोडं उशिरा कळलं.

“समद्यांनी भिंतीकडं तोंड करा!”

कुणी हललं नाही. पण सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. तोवर मी तिथे आहे हे बहुतेकांना माहीत नव्हतं.

“ह्यो कोण?” म्हातारा म्हणाला.

“मी प्रमुख आहे,” मी म्हणालो. मी टेबल धरलं. “आणि तिने काय ठेवलंय ते तिलाच माहीत असायला पाहिजे. तुम्हाला नाही, मला नाही, सरांनाही नाही. तिने नवऱ्याचं ठेवायला पाहिजे असं कुठे लिहिलेलं नाही. ते आपणच ठरवलं.” मग मी खुर्चीकडे वळलो. “आबा, तुम्हीबी.”

आबांनी माझ्याकडे बघितलं. मिशीवरून हात फिरवला. मला वाटलं, आता आपलं वर्ष गेलंच, तर निदान एवढं बोललो तरी.

“उठा रं,” आबा म्हणाले आणि खुर्चीवरून उठून स्वतः भिंतीकडे वळले.

मग सगळे वळले. किटल्या घेऊन सबंध डेअरी भिंतीला नाक लावून उभी राहिली. भिंतीवर वासराचं एकच कॅलेंडर होतं, त्याच्यापुढे थोडी ढकलाढकली झाली. जोडीदारही वळला, मी त्याचा हात न सोडता वळलो. नवरा दारातून बाहेर तोंड करून उभा होता, तो तिथून रस्त्याकडे बघत राहिला. येणाऱ्या-जाणाऱ्यांना काय वाटलं असेल, कोण जाणे.

मागे बटणांचा आवाज येत होता. टक टक टक. थांबला. परत सुरू झाला.

“एवढं मोठं?” एक जण भिंतीला म्हणाला.

“गप.”

आवाज पुन्हा थांबला, पुन्हा सुरू झाला. मग अचानक प्रिंटर करकरला, आणि सगळी डेअरी एकदम दचकून वळली. तोवर पावती अर्धी बाहेर आली होती. तिच्यावर आबांचं नाव, त्यांचं सकाळचं दूध, फॅट आणि भाव. आबांनी ती फाडून घेतली, लांब धरून वाचली, मग जवळ धरून वाचली.

“फॅट कमी लावलीय,” ते म्हणाले.

“जेवढी लागली तेवढीच हाय, मामंजी,” ती म्हणाली. “माणूस बघत न्हाय आता.”

सगळ्यांत आधी म्हातारा हसला, मग बाकीचे. आबांनी खिशातून दाखला काढला, टेबलावर ठेवला आणि सही केली. शिक्का मारायच्या आधी त्यांना काहीतरी आठवलं. “आन् रोजच्याला हे चालू कसं करायचं?”

“रोजचा पासवर्ड येगळा आसतोय,” ती म्हणाली. “त्यो बी आत्ताच टाकला. तुमी समदे तिकडं व्हता तवर.”

“काय टाकला?”

“त्यो सांगायचा नसतोय.”

आबांनी शिक्का हातात तसाच धरून थोडा वेळ विचार केला. “म्हंजी रोज सकाळ-संध्याकाळ तुलाच यावं लागणार म्हण की.”

“तसंच दिसतंय, मामंजी.”

ती हे इतक्या साधेपणाने म्हणाली, की मला अजूनही ठरवता येत नाही ते आधीपासून तिच्या मनात होतं का. आबांनी माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली, कारण नियमाप्रमाणे ते बरोबरच होतं. मग शिक्का बसला. जरा वाकडा बसला, पण बसला.

जोडीदार कॉम्प्युटरचा हार उतरवून गळ्यात घालून आला. त्याला निमगावला मावशी होती, तो तिकडे गेला. मला स्टँडवर सोडायला तिचा नवरा मोटारसायकल घेऊन निघाला. दाखला मी वहीत घालून, वही सदऱ्यात घालून, वर बटणं लावून बसलो होतो. उसाच्या मधून रस्ता होता. निम्मा रस्ता संपला. मग त्याने गाडी हळू केली.

“तुमाला खरंच म्हाईत न्हाय?”

“नाही हो. शपथ. मीही भिंतीकडेच होतो.”

“न्हाय, म्हंजी मला कुणाचं बी नाव आसलं तरी…” तो म्हणाला, आणि ते त्याला खोटं वाटलं असावं, कारण त्याने ते पूर्ण केलं नाही. आणखी थोडं अंतर गेलं. एका वळणावर त्याने एकाएकी गाडी उभीच केली आणि मागे वळून माझ्याकडे बघितलं. त्याचा चेहरा उजळला होता.

“सरांनी काय सांगितलं व्हतं? कधीच तोंडातनं निघणार न्हाय, आसं ठेवा?”

“हो.”

“मग नाव कशाला आसंल? नाव तर तिनं आत्ता समद्यांसमोर घेतलं. लग्न झाल्यापासनं बघतोय, मीठ जास्त पडू दे, माझा सदरा जळू दे, म्हस सुटून जाऊ दे, एक गोष्ट तिच्या तोंडातनं न्हाय निघत म्हंजी न्हाय निघत. ‘माझं चुकलं.’” तो मांडीवर थाप मारून हसला. “लांब बी व्हतं का न्हाय? टक टक टक टक! तेच हाय!”

त्याला इतकं हलकं वाटलं, की स्टँडपर्यंत तो गाणं म्हणत आला, आणि मला उसाचा रसही पाजला. मी हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. मला खरंच माहीत नव्हतं. दाखला छातीशी होता, तो चुरगळू नये म्हणून मी एसटीत सरळ बसून राहिलो. बारामतीला उतरलो, तो आधी सरांच्या इंदापूरच्या क्लासला फोन लावला.

“झालं का?” सर ओरडले. “दाखला?”

“मिळाला सर. पास,” मी म्हणालो. “पण इंदापूरचा पासवर्ड बदलावा लागेल.”